डोशाची निळी, खरोशाची हिरवी

चैत्र आला की आमच्या घरी ट्रंक गच्चीवर जाते. डाळी-तांदळाला ऊन देतात तसं साड्यांनाही द्यायचं, ऊन चढायच्या आत उचलायच्या आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला मधे मधे घालून पुन्हा घड्या करून ठेवायच्या, ही मंदाआत्याची पद्धत. यंदा ट्रंक वर न्यायला मी एकटीच होते. आत्या खाली खुर्चीत बसून ओरडत होती, "नीट धर ग, एका बाजूची कडी तुटकी हाय." मी नीट धरली, जिना चढले आणि वर पोचेपर्यंत पार गळून गेले. गळून जायचं कारण ट्रंक असती तर बरं झालं असतं. कोपऱ्यावर टँकरचा भोंगा वाजला होता.

तो भोंगा ऐकला की गल्लीतल्या बायका घागरी घेऊन पळतात आणि मला माझीच पत्रकं आठवतात. तहानलेल्या जनतेचा टाहो. आता नाही तर कधीच नाही. देगलूर तालुक्याला न्याय मिळालाच पाहिजे. हे सगळं मी लिहिलेलं. पाणी नाही म्हणून एक पत्रक, नवा जिल्हा झाला पाहिजे म्हणून दुसरं, आणि पुढच्या उन्हाळ्यात तारीख बदलून दोन्ही पुन्हा. छापखानेवाला आता मजकूर मागतही नाही. "मागचंच लावू का ताई?" एवढंच विचारतो. त्याच्या बोलण्यात टोमणा नसतो, हे जास्त लागतं.

ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा आणि कडुनिंबाचा मिळून जो एक वास होतो तो आला. सगळ्यात वर निळी, पांढऱ्या ठिपक्यांची. तिच्याखाली पोपटी हिरवी, तिच्याखाली नारिंगी, आणि तळाशी जुन्या मलमलीत गुंडाळलेली पिवळी. सगळ्या नायलॉनच्या. त्यांच्यावरची पोलकी वेगळ्या पिशवीत: कॉलरचं पांढरं, फुग्याच्या बाह्यांचं, मानेपर्यंत बंद गळ्याचं. परवा नांदेडला एका दुकानात काचेआड बाहुलीला अशीच ठिपक्यांची साडी आणि असंच कॉलरचं पोलकं घातलेलं पाहिलं. डोळ्यांवर मोठा काळा गॉगल, हातात वेताची पर्स. पाटीवर लिहिलं होतं, ‘विंटेज कलेक्शन’. दोन पोरी बाहुलीबरोबर फोटो काढत होत्या. मी काचेसमोर उभी राहिले आणि मनात म्हटलं, बायांनो, ह्याच साडीपायी माझ्यावर बैठक बसली होती.

तो उन्हाळा पुष्कळांच्या ध्यानात आहे. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं आणि सगळ्या देशानं लातूरचं नाव ऐकलं. देगलूरचं कुणी ऐकलं नाही. आमच्याकडं रेल्वेच नाही, पाणी कशात घालून आणणार?

अंघोळ परातीत बसून करायची. परातीतलं पाणी कपड्यांना, कपड्यांचं पाणी फरशीला, फरशी पुसलेलं पाणी संडासात. भांडी राखेनं घासून कोरड्या फडक्यानं पुसायची. लग्नघरात ताटं गेली, पत्रावळ्या आल्या. माणसं एकमेकांच्या घरी जायची बंद झाली, कारण पाहुण्याला पाणी विचारावं लागतं आणि तो हो म्हणाला तर द्यावं लागतं. आणि माझे हातमागाचे झब्बे! चळवळीतल्या पोरीचा गणवेशच तो. दिवसभर गावोगाव फिरून आलं की पाठीवर घामाचे पांढरे नकाशे उमटायचे आणि एकेक झब्बा दोन दोन बादल्या प्यायल्याशिवाय साबण सोडायचा नाही.

"तुज्या खादीला जेवढं पाणी लागायलंय, तेवढ्यात एक म्हैस जगंल," आत्या म्हणाली. तिनं ट्रंक उघडली आणि निळी माझ्या अंगावर टाकली. "ही नेस. तांब्याभर पाण्यात खळबळली की झालं. झटकली की वाळली. खळ न्हाई, इस्त्री न्हाई."

"आत्या, लोक हसतील. ही रेडिओच्या काळातली आहे."

"हसू दे की. हसायला पाणी लागत न्हाई."

असा माझा हा साज सुरू झाला. त्याला शौक म्हणा, विंटेज म्हणा. मुळात ती पाण्याची टंचाई होती. आत्यानं पोलक्याच्या बाजू आत घेऊन दिल्या, बाह्यांचे फुगे तसेच ठेवले. "फुगे काढले तर ते पोलकंच न्हाई," असं तिचं मत. जिल्हा मागणाऱ्या आमच्या समितीतला माझ्याच वयाचा नागेश, सदा फटफटीवर, त्यानं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गाडी बंद पडेपर्यंत हसला. "काय प्रज्ञे, सभेला चाललीस का विविध भारतीला?" मी म्हटलं, हस बाबा. तुझा शर्ट दोन दिवसांचा आहे, माझी साडी सकाळची धुतलेली आहे.

मंदाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लातूरचा जिल्हा झाला तेव्हा नव्या कलेक्टर कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली. उस्मानाबादेतून तोडून नवीन जिल्हा केलेला, कचेरीत टेबलं कमी, खुर्च्या त्याहून कमी, ठिकठिकाणच्या गावांहून आलेली माणसं. आत्या देगलूरच्या बौद्धवाड्यातून गेलेली. इथं आमच्या गावात त्या काळी चहाच्या हॉटेलात आमच्या माणसांची कपबशी वेगळी, बाहेर खिळ्याला टांगलेली. प्यायची, आपणच विसळायची, परत टांगायची. आत्या हे सांगताना आवाज चढवत नाही. सुपारी कातरावी तसं एकसारखं सांगते. मलाच मधे राग येतो, आणि ती म्हणते, "तू कामून तापायलीस? तुला कुणी टांगलेल्या कपात दिला का?"

पहिल्या पगाराची तिनं निळी ठिपक्यांची घेतली. कचेरीतल्या दोघी मैत्रिणी बरोबर होत्या. रविवारी तिघी नटल्या, रिबिनी लावल्या, उंच टाचांचे सँडल घातले आणि लातुरात नव्यानं निघालेल्या एका हॉटेलात गेल्या. तिथं ‘फॅमिली रूम’ होती, पडदा लावलेली. मैत्रिणी पडद्याआड निघाल्या तर आत्या म्हणाली, आपण भाईर बसू. बाहेर, पंख्याखाली, सगळ्यांच्या मधे बसल्या. पोऱ्यानं सगळ्यांना देतो तशाच पेल्यात पाणी दिलं. डोसा आला. आडनाव कुणी विचारलं नाही.

"नव्या जिल्ह्यात कुणालाच कुणाचं आडनाव पाठ नव्हतं," आत्या म्हणते. "जुन्या गावात तुजी साडी कितीबी चांगली असू दे, लोक साडी बगत न्हाईत, वाडा बगतेत. लातूरला पहिल्यांदा माजी साडी बगितली लोकान्नी."

तेव्हापासून ती साडी ‘डोशाची’. आत्याच्या सगळ्या साड्यांना अशीच नावं, जिथं पहिल्यांदा नेसून गेली त्या जागेची. औशाकडून निलंग्याला जाताना खरोशाची लेणी लागतात, तिथं डबे घेऊन गेल्या ती हिरवी ‘खरोशाची’. एका शाळेच्या हॉलात कुणा चित्रकारानं चित्रं मांडली होती, ती बघायला गेल्या ती नारिंगी ‘चित्रांची’. आणि पिवळी? पिवळी ‘जिल्ह्याची’. कचेरी सुरू झाल्याचा मांडव पडला होता त्या दिवशी उसन्या पैशांनी आणून नेसलेली, पगार हातात यायच्याही आधीची. एकदाच नेसली. मग मलमलीत गेली.

मी जिल्ह्याच्या मागणीची पत्रकं लिहायचे तेव्हा आत्या ती चष्मा पुसून वाचायची. कोर्ट लांब, ट्रेझरी लांब, मोठा दवाखाना लांब, नांदेडला जायचं तर दिवस जातो. सगळं खरं. वाचून झालं की म्हणायची, "चांगलं लिवलंस. पण जिल्हा म्हंजे काय ते ह्यात न्हाई."

"काय नाही?"

"जिल्हा म्हंजे बाईला रविवारी जायला एक जागा."

मी हसायचे. पत्रकात हे कसं लिहायचं? पत्रकात तहान लिहितात, अन्याय लिहितात. फुरसत कुणी लिहीत नाही. फुरसतीची मागणी केली की लोक म्हणतात, पोट भरलंय वाटतं.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघी होट्टलला गेलो. देगलूरपासून जवळच, टमटमनं गेलं की झालं. चाळुक्यांच्या काळची काळ्या दगडाची देवळं आहेत. रस्त्यात शेतं उघडी पडलेली, बोअरच्या गाड्यांची चाकं उमटलेली, एका बांधावर ऊस वाळून उभा. मी डोशाची निळी, आत्या खरोशाची हिरवी. टमटमवाला आरशातून सारखा बघत होता. शेवटी म्हणाला, "मावशी, लग्नाला का?"

"न्हाई. फिरायला."

"ह्या दिवसात?"

"मग कोन्च्या दिवसात? पाऊस पडला की कामं निघतेत."

देवळाच्या भिंतीवर दगडाच्या बायका आहेत. एक आरसा धरून, एक केस पिळत, एक नुसतीच कमरेवर हात ठेवून. गळ्यात, दंडात, कमरेला, पायात दागिने. वस्त्राची चूण न् चूण कोरलेली. आत्या एकेकीसमोर थांबत गेली. कापड दुकानात थांबते तशीच, मान तिरकी करून. "हिचा कंबरपट्टा बग," "हिनं चुण्या मागं घेतल्यात." सावलीत दगड थोडा गार होता, आम्ही पाठ टेकली, भाकरी आणि ठेचा काढला. एका बाटलीतलं पाणी दोघींत. माशीसुद्धा आळसावलेली. त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा कशाच्याही विरोधात नसलेला एक तास काढला.

आत्या म्हणाली, "ह्या बायांनी किती दुष्काळ बगितले असतील ग."

"खूप."

"अन् एकीनंबी आरसा खाली ठेवला न्हाई."

मग एका रविवारी नांदेड. चित्रकलेच्या पोरांनी प्रदर्शन मांडल्याचं मी पेपरात वाचलं होतं आणि आत्याला सांगितलं, ती माझी चूक. तिनं चित्रांची नारिंगी बाहेर काढली. मी पुन्हा निळी, कॉलरचं पांढरं पोलकं, केसांची एक वेणी, आत्याचा जुना गॉगल. एसटीत नरसीपर्यंत उभ्यानं गेलो. नारिंगीला एक सुरकुती पडली नाही. नायलॉनचा तोही एक गुण.

प्रदर्शनात सगळा दुष्काळच होता. भेगाळलेली जमीन, पालथी घागर, आभाळाकडं बघणारा म्हातारा, फाटक्या लुगड्यातली बाई, पुन्हा भेगा. चांगली होती चित्रं, पोरांच्या हातात कला होती. आत्यानं सगळी भिंत बघितली, चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा बघितली. हळूच म्हणाली, "एकबी बाई नीट नेसलेली न्हाई ग ह्यात. दुष्काळात आपुन असं नेसतोत का?"

चित्रं काढणारी एक पोरगी आमच्याजवळ आली. तिला आमच्या साड्यांचं नवल. "आजी, तुमचा लूक एकदम भारी हाय. कुठून घेतली साडी?"

"लातूरहून."

"कोणतं दुकान?"

"दुकान बंद झालं माय. जिल्हा झाला तवाची हाय."

पोरगी हसली, तिला वाटलं आजी गंमत करतेय.

नंतर आम्ही डोसा खायला गेलो. निळी अंगावर असताना नांदेडला जाऊन डोसा न खाणं शक्य नव्हतं. पाणी वाचावं म्हणून हॉटेलवाल्यानं ताटावर कागद घातला होता, कागदावर डोसा. पेले नाहीत, पाण्याची पिशवी विकत. आत्यानं काट्यानं डोसा कापला. तिला हातानं खाता येतं, पण डोसा ती काट्यानंच खाते, लातूरपासून. मी काहीतरी बोलले, ती खूप हसली, डोक्यावरचा पदर खाली आला. तेवढ्यात आमच्याच गावच्या कुणीतरी लांबच्या टेबलावरून फोटो काढला. संध्याकाळी आम्ही देगलूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा तो फोटो सगळ्या गावाच्या फोनात होता. खाली लिहिलेलं: ‘जनता तहानलेली, आंदोलनाच्या ताई हॉटेलात’.

बैठक अप्पांच्या आडतीवर बसली. अप्पा समितीचे अध्यक्ष, हरभरा-सोयाबीनचे जुने व्यापारी, कपाळाला विभूती, मनानं मऊ माणूस. पोत्यांना टेकून मंडळी बसलेली. दोनच दिवसांपूर्वी मुंबईला जाणाऱ्या शिष्टमंडळाची नावं ठरली होती आणि त्यात माझं नाव होतं. मागण्यांचं निवेदन मीच लिहिलं होतं, मंत्र्यांसमोर ते मीच मांडायचं ठरलं होतं. नाव ठरलं त्याच रात्री आत्यानं पिवळी मलमलीतून काढली आणि माझ्या उशाशी ठेवली. "जिल्हा मागायला चाललीस, जिल्ह्याची नेसून जा." 

आडतीवर पहिले बोलले ते शिकवणीचे क्लास चालवणारे सर. "प्रज्ञाताई, प्रश्न साडीचा न्हाई, प्रसंगाचा हाय. लोक घागरी घेऊन रांगेत, अन् आपले कार्यकर्ते डोसा खायलेत. तेबी एवढं नटून."

"डोशाला पाणी कमी लागतं सर. वरणभातापेक्षा."

दोघं तिघं हसले. सर हसले नाहीत. "तुमच्या लोकान्ला कपड्याची हौस लईच असते."

 पोत्यावर बसलेला कावळा उडाला.

"तुमच्या म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे... बायांना."

"हां. बायांना."

सगळ्यांना कळलं होतं. मी वाढवलं नाही, कारण वाढवलं असतं तर जिल्हा बाजूला राहिला असता आणि समिती मीच फोडली असं झालं असतं. अशा वेळी गप्प बसण्यानं माणूस जितकं थकतं, तितकं दहा सभांनी थकत नाही. सरांचं एका अर्थानं खरंच होतं. आमच्या लोकांना कपड्याची हौस आहे. ज्यांच्या अंगावर पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनी टाकलेलं आलं, त्यांनी स्वतःच्या पगारातून ठिपक्यांची साडी निवडणं, पोलक्याला फुगे लावणं, केस विंचरून चार लोकांत पंख्याखाली बसणं, याला दुसरा शब्द नसेल तर हौस म्हणा. आमच्या वाड्यात नीटनेटकं राहणं ठरवून केलं जायचं, सभा घेतल्यासारखं.

मी अप्पांकडं वळले. त्यांचं धोतर, सदरा, टोपी, सगळं पांढरंशुभ्र, खळ घातलेलं, हललं की कागदासारखं वाजणारं. "अप्पा, ह्या धोतराला खळ रोज?"

अप्पांनी खाली धोतराकडं बघितलं. "रोजच की."

"पाणी किती जातं?"

"ते मी कुठं बगितलं बाबा? घरात करतेत."

या वेळी सगळी आडत हसली, अप्पाही. मी म्हटलं, माझी साडी तांब्याभर पाण्यात होते. समितीचे सगळे पांढरे कपडे एका दिवसाचे एकत्र केले तर माझी साडी पाऊस येईपर्यंत धुऊन होईल. अप्पांनी मान हलवली. "खरं हाय पोरी. अगदी खरं हाय. पण पांढरं कसं, दिसत न्हाई. तुजी साडी दिसतीया."

  त्यांचं पाणी दिसत नव्हतं आणि माझे ठिपके दिसत होते.

शेवटी ठरलं असं की एक माफीचं पत्रक काढायचं. चार ओळी. अनवधानानं भावना दुखावल्या वगैरे. ते निघालं की मी शिष्टमंडळात आहेच.

"लिहिणार कोण?" मी विचारलं.

 अप्पा नागेशकडं बघायला लागले, नागेश सरांकडं, सर छताकडं. समितीचा एकूण एक कागद तोवर मीच लिहिलेला होता. मग नागेश अगदी निरागसपणे म्हणाला, "तूच लिही की. तुज्यासारखी भाषा कुणाला येतीय?"

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्या उन्हाळ्यात तेवढंच फुकटचं पाणी.

घरी येऊन आत्याला सांगितलं. ती गव्हातले खडे वेचत होती. तिला शिष्टमंडळ हवं होतं. माझ्यापेक्षा जास्त हवं होतं. आमच्या वाड्यातली पोरगी मंत्र्यांसमोर उभी राहून बोलणार, तेही ती पिवळी नेसून. "लिवून टाक की," ती म्हणाली. "चार ओळीनं काय जातंय? कचेरीत मी किती माफीनामे टाइप केलेत. कुनी वाचत न्हाई. कशाबद्दल मागायचीय?"

"हॉटेलात बसून डोसा खाल्ला त्याबद्दल."

तिची बोटं ताटात थांबली.  मग म्हणाली, "मग नको लिवू."

माफी लिहिणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून माफी निघाली नाही, आणि माफी निघाली नाही म्हणून मी गेले नाही. निवेदन गेलं, माझ्याच भाषेत, सरांच्या आवाजात. जायच्या आदल्या दिवशी तहसीलवर मोर्चा होता. बायकांना निरोप गेला, रिकाम्या घागरी घेऊन या आणि येताना जुन्या साड्या नेसून या. मीही गेले, निळी नेसून. मला बाजूला घेऊन कुणीतरी म्हणालं, ताई, जुनी साडी सांगितली होती ना? मी म्हटलं, सगळ्या मोर्चात हिच्याइतकी जुनी एक दाखवा. त्यांना जुनी म्हणजे फाटकी पाहिजे होती. फोटोत मी नाही. घागरी आहेत, भेगा आहेत, अप्पांचं धोतर आहे, कडक.

जिल्हा झाला नाही. त्या साली पुढं पाऊस एवढा झाला की लेंडी नदीला पूर आला, आणि टंचाई हा शब्द आम्ही सगळ्यांनी माळ्यावर टाकला. अप्पा वारले. सर दुसऱ्या पक्षात गेले. मी एका शाळेत लागले, सुटले, परत समितीत आले, परत सुटले. राग येतो अजून. पण हल्ली तो येतो आणि बसतो, उठत नाही. पूर्वी राग आला की पत्रक व्हायचं. आता राग आला की झोप येते.

ह्या चैत्रात, साड्या गच्चीवर असताना, नागेश आला. डोक्यावरचे केस कमी, पोट थोडं पुढं, फटफटी तीच. "शिष्टमंडळ चाललंय. ह्या वेळी अट-बिट काय न्हाई. तुज्याशिवाय जमायलं न्हाई बाबा."

"मागचंच लावा. तारीख बदला."

"मस्करी नको ना प्रज्ञा. कोरडं पडलंय सगळं."

कोरडं पडलंय हे मला सांगत होता. पण मी लिहून दिलं. दमलेली माणसंही लिहितात, नाही तर कोण लिहिणार? कोर्ट, ट्रेझरी, दवाखाना, पाणी, सगळं आलं. मग एक ओळ मी पहिल्यांदा घातली: आमच्या गावातल्या बाईला रविवारी नीट नेसून, कुणी आडनाव न विचारता, जाऊन बसता येईल अशी एक जागा पाहिजे. नागेशनं वाचलं, डोकं खाजवलं. "हे कामून? हसतील लोक."

"हसायला पाणी लागत नाही."

त्यानं कागद घडी करून खिशात घातला. ती ओळ छापतील की नाही, मला ठाऊक नाही. बहुतेक नाही. मुंबईला येतेस का, असंही त्यानं विचारलं. निघायचं रविवारीच होतं, आणि रविवारी मला काम होतं.

पिवळी मी शनिवारी धुतली. तांब्याभर पाणी, चिमूटभर साबण, एकदा खळबळून, एकदा पिळून. गच्चीवरच्या दोरीला लावली आणि खाली येऊन चहा टाकला. चहा गाळून वर गेले तर वाळली होती. इतकी वर्षं मलमलीत राहूनही रंग जागचा हलला नव्हता. बंद गळ्याचं पोलकं माझ्या खांद्यांत थोडं अडलं, म्हणून मागचं एक बटण उघडं ठेवून वर पदर घेतला.

आत्याला टमटममध्ये बसवायला शेजारच्या दोघी लागल्या. गुडघे चालत नाहीत तिचे आता. तिनं निळी नेसली होती, स्वतः, बसल्या बसल्या, निऱ्या माझ्याकडून करून घेऊन. काळा गॉगलही लावला. माझ्या अंगावर पिवळी बघितली आणि तिचं तोंड उतरलं.

"अगं, ही जिल्ह्याची."

"हाव."

"जिल्हा कुठं झालाय अजून?"

"होईल तेव्हा होईल. साडी काल वाळली."

 होट्टल येईपर्यंत पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. देवळाशी तिला उतरवून सावलीतल्या दगडावर बसवलं. समोर आरसा धरलेली बाई तशीच उभी. आत्यानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मान तिरकी करून, दुकानात बघते तसं. हात पुढं करून माझ्या निऱ्यांची एक चूण सरळ केली.

"मग हिला आता काय म्हणायचं?"

डबा उघडत मी म्हटलं, "रविवारची म्हण."